फुलातल्या मकरंदाचं कोडं सोडवणारे मुख्याध्यापक : ख्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल



परागणाचा पाठ शिकवताना आपण एक गोष्ट फार सहज बोलून जातो. फुलात मकरंद असतो, तो प्यायला कीटक येतात, त्यांच्या अंगाला परागकण चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर पोहोचतात. मुलं वहीत उतरवून घेतात, चाचणीत दोन गुणांना प्रश्न येतो आणि विषय संपतो. पण ही गोष्ट शेकडो फुलं तपासून, पुराव्यासह जगापुढे पहिल्यांदा मांडली कोणी, हे सहसा आपण सांगत नाही. ते कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. जर्मनीतल्या एका लहान शहरातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. शिकवायचे प्रामुख्याने भाषा. आणि फुलांच्या नादात त्यांना ती मुख्याध्यापकी सोडावी लागली. आज त्यांच्याविषयी.

ख्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल यांचा जन्म २२ सप्टेंबर १७५० रोजी हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. घरात भावंडं भरपूर. त्या काळी अशा घरातल्या हुशार मुलाने धर्मशास्त्र शिकायचं आणि पुढे चर्चमध्ये किंवा शाळेत नोकरी धरायची, ही ठरलेली वाट होती. स्प्रेंगेलही त्याच वाटेने हाले विद्यापीठात गेले. धर्मशास्त्राबरोबर जुन्या भाषा शिकले. १७७४ पासून बर्लिनमध्ये शिक्षक म्हणून नोकरी केली आणि १७८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, स्पांडाउ इथल्या लुथेरन शाळेचे मुख्याध्यापक झाले. स्पांडाउ आज बर्लिन महानगराचाच एक भाग आहे, पण तेव्हा ते स्वतंत्र शहर होतं. दोन नद्यांचा संगम, एक जुना किल्ला, सैन्याची छावणी आणि बाहेर पडलं की कुरणं, दलदल, जंगल.

इथपर्यंत त्यांच्या आयुष्यात वनस्पतिशास्त्र कुठेच नाही, हे लक्षात घ्या. लॅटिन शिकवणारा, अविवाहित, काहीसा एकलकोंडा, शिस्तीचा कडक माणूस. पुढे त्यांची तब्येत बिघडली. स्पांडाउमध्ये तेव्हा एर्न्स्ट लुडविग हाइम नावाचे डॉक्टर होते. पुढे ते बर्लिनचे फार लोकप्रिय डॉक्टर झाले. त्यांना स्वतःला झाडांचं, शेवाळांचं वेड. जवळच राहणाऱ्या लहानग्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनाही झाडांची ओळख याच डॉक्टरांनी करून दिली. स्प्रेंगेलना त्यांनी काय औषध दिलं असेल? मोकळ्या हवेत फिरा आणि झाडं बघा, असा सल्ला. नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत, झाडं ओळखायलाही शिकवलं. रुग्णाला एवढा वेळ देणारे डॉक्टर आज शोधावे लागतील!

आता १७८७ चा उन्हाळा. स्प्रेंगेल एका रानटी जिरॅनियमचं फूल पाहत होते. आपल्याकडे कुंडीत जिरॅनियम लावतात, त्याच्या नात्यातलं, जांभळट रंगाचं, पाच पाकळ्यांचं साधं फूल. त्यांना दिसलं की प्रत्येक पाकळीच्या बुडाशी, आतल्या बाजूला आणि दोन्ही कडांना, मऊ बारीक केस आहेत. हजारो लोकांनी ते फूल पाहिलं असेल. काहींनी ते केसही पाहिले असतील. स्प्रेंगेल यांनी विचारलं, हे केस इथेच का आहेत?

त्यांची श्रद्धा अशी होती की शहाण्या निर्मात्याने एक केससुद्धा उगाच निर्माण केलेला नाही. मग याचंही काहीतरी काम असणारच. त्यांनी फुलाच्या तळाशी पाहिलं, तर तिथे मकरंदाचे पाच थेंब. मग त्यांनी असा विचार केला. हा मकरंद जर कीटकांसाठी ठेवलेला असेल, तर तो पावसाच्या पाण्याने बिघडता कामा नये. आपल्या कपाळावरून ओघळणारा घाम भुवया आणि पापण्या अडवतात, डोळ्यात जाऊ देत नाहीत. तसेच हे केस पाकळीवरून घसरणारा पावसाचा थेंब अडवतात. कीटक मात्र त्यांच्यातून सहज आत जातो. म्हणजे ते केस म्हणजे मकरंदाच्या भांड्यावरचं झाकण.

हा तर्क आज आपल्याला अगदी साधा वाटतो. पण त्या वेळची परिस्थिती बघा. फुलांना नर आणि मादी भाग असतात हे कामेरारियस यांनी १६९४ मध्येच दाखवलं होतं. फुलात गोड रस असतो हे तर सगळ्यांनाच माहीत. थोर वर्गीकरणकार लिनिअस यांनी रसाच्या जागेला नावही दिलं होतं, पण पाकळ्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या कितीतरी भागांना ते तेच नाव सरसकट देऊन टाकायचे. हा रस असतो कशासाठी? काही म्हणायचे, वाढणाऱ्या बीजाचं ते पोषण आहे. काही म्हणायचे, झाडाला नको असलेला टाकाऊ रस आहे. मधमाशी तो पिते म्हणजे झाडाकडून चोरीच करते, असाही समज होता. क्योलरॉयटर या संशोधकाने १७६१ च्या सुमारास काही झाडांमध्ये कीटक परागकण नेतात हे पाहून लिहिलं होतं, आणि स्प्रेंगेलना त्याची माहितीही होती. पण फुलाची अख्खी रचना, रंग, वास, रेघा, केस, नळी, हे सगळं त्या एका कामासाठी बेतलेलं आहे, असं कोणी म्हटलं नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात, १७८८ मध्ये, मायोसोटिसचं फूल त्यांच्या हाताला लागलं. इंग्रजीत ज्याला फर्गेट-मी-नॉट म्हणतात ते. इवलंसं आकाशी निळं फूल आणि मधोमध, नळीच्या तोंडाभोवती, पिवळं कडं. निळ्यावर पिवळं अगदी उठून दिसतं. स्प्रेंगेल यांच्या मनात आलं, हे कडं म्हणजे कीटकाला दाखवलेली वाट तर नाही? मकरंद इथे आहे, इथून आत ये, असं सांगणारी खूण. मग त्यांनी इतर फुलं तपासली. जिथे पाकळीवर वेगळ्या रंगाचे ठिपके, रेघा किंवा डाग होते, तिथे ते बहुतेक वेळा मकरंदाच्या दाराशीच होते. आज आपण त्यांना मकरंद-मार्गदर्शक खुणा म्हणतो.

इथे थोडं थांबून आपल्या आवारात येऊ या, कारण हे समजायला जर्मनीत जायची गरज नाही. अडुळशाचं फूल घ्या. पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात आणि त्या सरळ नळीच्या तोंडाकडे जातात. खेड्यातल्या मुलांना हे फूल तोडून बुडाकडून चोखायचं माहीतच असतं. तो गोडवा म्हणजेच मकरंद. वरच्या ओठाखाली पुंकेसर आणि कुक्षीचा दांडा लपलेला असतो. भुंगा खालच्या ओठावर उतरून डोकं आत घालतो तेव्हा त्याची पाठ वर घासली जाते. गुलमोहराचं फूल बघा. चार पाकळ्या लाल आणि एकच पाकळी पांढरट-पिवळी, लाल ठिपक्यांची. ती एकच वेगळी का, हे मुलांना विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका. स्प्रेंगेल यांनी मायोसोटिससमोर बसून स्वतःला विचारला तोच हा प्रश्न आहे.

तर, अशा निरीक्षणांवरून स्प्रेंगेल यांनी मकरंद देणाऱ्या फुलाचे भाग कामानुसार वेगळे केले. मकरंद तयार करणारी ग्रंथी वेगळी. तो साठवणारी जागा वेगळी, म्हणजे नळी, वाटी किंवा मागे लांब गेलेलं शेपूट. आपल्या तेरड्याच्या फुलाला मागे असते ना, तशी. त्याला पावसापासून वाचवणारं झाकण वेगळं. आणि कीटकाला तो सापडावा म्हणून केलेली सोय वेगळी. लांबून दिसावं म्हणून रंगीत पाकळ्या आणि वास, आणि जवळ आल्यावर नेमकं दार दाखवणाऱ्या खुणा. लिनिअस यांनी जे सगळं एकाच नावाखाली टाकलं होतं ते इथे सुटं सुटं झालं. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी शिकवण आहे. भागाचं नाव पाठ करण्याआधी तो काय काम करतो ते विचारायचं. आपण फळ्यावर फुलाची आकृती काढतो तेव्हा पाकळी, निदल, पुंकेसर, स्त्रीकेसर या सगळ्यांना बाण असतात. मकरंद ग्रंथीला मात्र बहुतेक वेळा बाणच नसतो.

ही ग्रंथी आहे तरी कशी, हेही थोडक्यात सांगते, कारण मुलं विचारतात. आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं. ग्रंथी म्हणजे लहान, दाट पेशींचा एक थर. झाडाच्या रसवाहिन्यांतून तिथे साखर पोहोचते. पेशी ती साखर पाण्याबरोबर बाहेर सोडतात, कधी पानांवर असतात तसल्या सूक्ष्म छिद्रांतून, तर कधी अगदी बारीक केसांतून. तिची जागा प्रत्येक कुळात वेगळी. अडुळशात अंडाशयाच्या बुडाशी कड्यासारखी असते. जास्वंदीत ती पाकळीत नसून हिरव्या निदलांच्या आतल्या बाजूला असते आणि मकरंद सूक्ष्म केसांतून पाझरतो. मकरंदात मुख्यतः तीन साखरा असतात, सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. शिवाय थोडी अमिनो आम्लं वगैरे. मकरंद म्हणजे मध नव्हे, हा गोंधळ मुलांचाच काय, मोठ्यांचाही असतो. मकरंद पातळ असतो. मधमाश्या त्यातली साखर बदलतात आणि पाणी उडवून तो घट्ट करतात, तेव्हा त्याचा मध होतो. स्प्रेंगेल यांच्याजवळ यातलं रसायनशास्त्र नव्हतं. त्यांच्याजवळ डोळे होते, भिंग होतं आणि चिकाटी होती.

१७८९ मध्ये आयरिसच्या काही फुलांकडे पाहताना त्यांना पुढचा दुवा सापडला. या फुलात परागकोश आणि कुक्षी यांची मांडणी अशी आहे की फुलाचे पराग आपोआप कुक्षीवर पडूच शकत नाहीत. कीटक आला तरच काम होतं. म्हणजे कीटक हा केवळ पाहुणा नाही. मकरंद ही त्याची मजुरी आहे आणि परागकण पोहोचवणं हे त्याचं काम, ते त्याला स्वतःला ठाऊक नसलं तरी. आतापर्यंत प्रश्न होता कीटकांना खाऊ कसा मिळतो. आता उत्तर झाडाच्या बाजूने आलं. फूल कीटकांसाठी नाही, कीटक फुलासाठी आहेत.

आणि १७९० मध्ये एपिलोबियमच्या उंच जांभळ्या तुऱ्यावर त्यांनी आणखी विलक्षण गोष्ट पाहिली. एकाच फुलात नर आणि मादी भाग असूनही ते एकाच वेळी तयार नसतात. आधी परागकोश फुटतात, तेव्हा कुक्षी मिटलेली. पराग संपले की मग कुक्षी उघडते. त्यामुळे जुन्या फुलाच्या कुक्षीला पराग मिळायचे तर ते नव्या फुलाकडूनच आणावे लागणार. काही युफोर्बियांमध्ये त्यांना याच्या उलट क्रम दिसला, आधी मादी, मग नर. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की फुलाचं फलन त्याच्याच परागाने व्हावं, अशी निसर्गाची इच्छा दिसत नाही. का नसावी, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

या सहा वर्षांत ते किती फिरले असतील! त्यांचा आग्रह होता की फूल तोडून घरी आणून, पुस्तकात दाबून त्याचं काम कळत नाही. ते जिथे उगवतं तिथेच, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, उन्हात, वाऱ्यात, पावसानंतर पाहायला हवं. कीटक येईपर्यंत फुलासमोर बसायला हवं. वाऱ्याने परागण होणाऱ्या फुलांना मकरंद नसतो, भडक रंग नसतो, वास नसतो, पण हलके परागकण मात्र भरपूर असतात, हेही त्यांनीच नीट सांगितलं. रात्री उमलणारी फुलं मोठी, फिकट आणि सुवासिक असतात, पण त्यांना रंगीत खुणा नसतात, कारण अंधारात त्या दिसणार कुणाला, हेही त्यांचंच. आपली रातराणी आठवते ना? अ‍ॅरिस्टोलोकियाच्या फुलात माश्या आत शिरतात, खाली वळलेल्या केसांमुळे बाहेर पडू शकत नाहीत आणि फुलाचं काम झाल्यावर केस सुकले की सुटतात, हा सापळाही त्यांनी वर्णन केला.

१७९३ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचं पुस्तक छापलं गेलं. नावाचा अर्थ साधारण असा, फुलांची रचना आणि फलन यांतलं निसर्गाचं उघड झालेलं रहस्य. सुमारे ४६० वनस्पतींची निरीक्षणं आणि २५ चित्रपट्ट्या, त्यांवर हजारावर आकृत्या. मुखपृष्ठावरही फुलं आणि कीटकच. हा पहिलाच खंड होता. पुढे आणखी लिहायचं त्यांच्या मनात होतं.

आता शाळेकडे वळू. इथे शिक्षक म्हणून मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

मुख्याध्यापक सकाळ-संध्याकाळ कुरणात फुलासमोर बसलेले असतील तर शाळेत काय होईल, हे सांगायला नको. वरिष्ठांशी त्यांचे वाद होत होते. पालकांच्या तक्रारी होत्या. ते शाळेकडे नीट लक्ष देत नाहीत, मुलांशी फार कडक वागतात, असं म्हणणं होतं. शाळा चर्चच्या देखरेखीखाली होती, त्यामुळे मुख्याध्यापक रविवारी प्रार्थनेला न येता रानात हिंडतात हेही खुपणारच. शेवटी पुस्तक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, त्यांना वर्षाला १५० थालर एवढं निवृत्तिवेतन देऊन नोकरीतून मोकळं करण्यात आलं. वय होतं ४४.

बहुतेक गोष्टींत हा प्रसंग असा रंगवतात की अडाणी गावाने एका थोर शास्त्रज्ञाला छळलं. मला ते पटत नाही. पालकांची बाजूही आहे. त्यांची मुलं शाळेत होती, त्यांना शिकवणं हे त्या माणसाचं काम होतं, आणि त्यांच्या शोधाचा त्या मुलांना तेव्हा काही उपयोग नव्हता. मुलांना मारझोड करणारा शिक्षक घरी जाऊन कितीही मोठं पुस्तक लिहीत असला तरी त्या मुलासाठी तो मारणाराच असतो. पण दुसरी बाजू अशी की त्यांच्या वर्गात फुलांना जागाच नव्हती. लॅटिन व्याकरण आणि धर्मशिक्षण हाच अभ्यासक्रम. जे त्यांना सगळ्यात चांगलं शिकवता आलं असतं, ते शिकवायला शाळेने ठेवलंच नव्हतं. हा पेच कुठल्या एका बाजूला ढकलून सुटत नाही. तुम्हाला काय वाटतं, पालकांनीही जरूर सांगावं.

स्प्रेंगेल बर्लिनला गेले. शिकवण्या घेऊन राहू लागले, भाषांच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या. रविवारी थोडे पैसे घेऊन लोकांना शहराबाहेर फिरायला न्यायचे आणि झाडं दाखवायचे. ज्या कामासाठी शाळेत बोलणी खाल्ली त्याचे इथे थोडे का होईना पैसे मिळू लागले! त्या फेऱ्यांत ते साध्या साध्या गोष्टी फार रसाळपणे सांगायचे असं त्यांच्या ओळखीच्या माणसाने नंतर लिहून ठेवलं. म्हणजे शिकवता येत नव्हतं असं नाही.

पुस्तकाचं काय झालं? जवळजवळ काहीच नाही. काही अभ्यासकांनी दखल घेतली, इंग्लंडमधल्या स्मिथ यांनी १७९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका झुडपाला स्प्रेंगेलिया असं नाव दिलं. पण मोठ्या मंडळींनी मनावर घेतलं नाही. महाकवी गटे यांना स्वतःला वनस्पतिशास्त्रात गोडी होती. त्यांचं मत पडलं की स्प्रेंगेल निसर्गाला माणसासारखी बुद्धी चिकटवत आहेत. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, कारण निर्मात्याच्या हेतूवर सगळा तर्क उभा होता. दुसरी अडचण अशी की नर-मादी एकाच फुलात असताना त्यांना दूरच्या फुलाचे पराग कशाला हवेत, हे कुणालाच समजेना. ज्याचं कारण सांगता येत नाही ती गोष्ट लोक दिसली तरी मानत नाहीत. दुसरा खंड छापलाच गेला नाही. स्प्रेंगेल यांनी हळूहळू वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा लॅटिन कवींकडे वळले. त्यावर त्यांचं एक पुस्तक १८१५ मध्ये आलं.

मधे एक छोटी पुस्तिका मात्र आहे, १८११ ची, मधमाश्यांचा उपयोग आणि मधमाशीपालनाची गरज सांगणारी. माझ्या मते आपल्या शेतकरी पालकांनी ऐकावं असं त्यात आहे. तोपर्यंत मधमाशी म्हणजे मध आणि मेण. स्प्रेंगेल यांनी सांगितलं की खरा फायदा मधाचा नाही, शेताचा आणि फळबागांचा आहे. मधमाश्या नसतील तर फुलं येतील, फळं धरणार नाहीत. राज्य जसं पदरी कायम सैन्य बाळगतं तशा त्याने मधमाश्याही बाळगाव्यात, इथपर्यंत त्यांनी मागणी केली. नेपोलियनच्या युद्धांनी गांजलेल्या प्रशियात हे कोण ऐकणार! आज आपल्याकडे कांद्याचं बी धरणारे शेतकरी डोंगळ्यांच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात, डाळिंबाच्या बागेतही ठेवतात. कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतात आणि कुक्षी नंतर तयार होते. एपिलोबियममध्ये स्प्रेंगेलनी पाहिलं तेच. म्हणून तर माश्या आल्या नाहीत की बी भरत नाही.

७ एप्रिल १८१६ रोजी बर्लिनमध्ये स्प्रेंगेल यांचं निधन झालं. जगाला काही विशेष कळलं नाही. त्यांची कबर कुठे आहे याचीही खूण राहिली नाही.

आता पंचवीस वर्षं पुढे, लंडनला. रॉबर्ट ब्राउन नावाचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वरच्या वर्गांतली मुलं ज्या ब्राउनीय गतीविषयी शिकतात, ते हेच. त्यांनी नोव्हेंबर १८४१ मध्ये चार्ल्स डार्विन यांना एक जुनं जर्मन पुस्तक वाचायला सुचवलं. डार्विन यांनी ते मिळवलं, वाचलं आणि त्यांना ते विलक्षण वाटलं. कारण स्प्रेंगेल जिथे अडले होते, त्या जागेचं उत्तर डार्विन शोधत होते. दूरचे पराग कशाला? पुढे त्यांनी स्वतः सुमारे अकरा वर्षं रोपं वाढवून तुलना केली आणि १८७६ मध्ये दाखवून दिलं की परपरागणातून आलेली रोपं बहुधा स्वपरागणातून आलेल्यांपेक्षा उंच, जोमदार आणि जास्त बी देणारी असतात. निसर्गाची इच्छा नाही, असं स्प्रेंगेल म्हणाले होते. त्यामागचं कारण हे. आता निर्मात्याचा हेतू गृहीत न धरताही ती निरीक्षणं उभी राहू शकत होती.

डार्विन यांचं ऑर्किडवरचं पुस्तक १८६२ मध्ये आलं. मादागास्करच्या एका ऑर्किडचं मकरंदाचं शेपूट जवळपास फूटभर लांब असतं. ते पाहून, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे असं त्यांनी लिहिलं, आणि तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण ऑर्किडचीच दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. स्प्रेंगेल यांना काही ऑर्किडमध्ये लांब शेपूट दिसलं, मकरंद मात्र एक थेंबही नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं, रिकामंच. त्यांनी धाडसाने लिहिलं की ही फुलं कीटकाला फसवतात. दुकान मांडलंय, माल नाही. डार्विन यांना हे पटेना. इतक्या हुशार कीटकांना पिढ्यान्‌पिढ्या कोण फसवणार? त्यांना वाटलं, कीटक शेपटाच्या आतल्या पडद्याला भोक पाडून त्यामागचा रस पीत असावेत. पुढच्या अभ्यासातून निघालं की बरोबर होते ते स्पांडाउचे मुख्याध्यापक. अशा काहीही न देणाऱ्या ऑर्किडच्या हजारो जाती आज माहीत आहेत.

एका बाबतीत स्प्रेंगेलना कळणं शक्यच नव्हतं. मधमाशीला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो, हे विसाव्या शतकात समजलं. आपल्याला साधी पिवळी दिसणारी कितीतरी फुलं अतिनील प्रकाशाच्या छायाचित्रात मधोमध गडद दिसतात. म्हणजे त्यांना मायोसोटिसवर दिसलेल्या खुणा ही नुसती सुरुवात होती, कितीतरी खुणा त्यांच्या डोळ्यांपुढे असूनही दिसत नव्हत्या. आणि पळस, काटेसावर यांच्या फुलांवर मकरंदासाठी पक्ष्यांची जी झुंबड उडते, तीही त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या देशात फुलांसाठी हे काम करणारे पक्षी नाहीत.

डार्विननंतर जर्मनीत स्प्रेंगेल यांचं काम ज्यांनी पुढे नेलं ते हर्मान म्युलर हे लिपश्टाट या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. फुलं आणि कीटक यांवरचं त्यांचं मोठं पुस्तक १८७३ मध्ये निघालं. वर्गात उत्क्रांती शिकवतात म्हणून त्यांच्यावरही गदारोळ झाला, तो थेट प्रशियाच्या विधिमंडळापर्यंत पोहोचला, पण त्यांची नोकरी टिकली. आणि १८९४ मध्ये, पहिल्या आवृत्तीनंतर शंभर वर्षांनी, स्प्रेंगेल यांचं पुस्तक विज्ञानातल्या अभिजात ग्रंथांच्या मालेत चार छोट्या भागांत पुन्हा छापलं गेलं. ते संपादित करणारे पाउल क्नुथ हे कीलमधल्या एका शाळेचे शिक्षक होते.